घेतलेला बॅकअप आणि परत उभा राहणारा सर्व्हर

मोठ्या संस्थेतील अंतर्गत फोन, ई-मेल, व्हॉइसमेल आणि बाहेरून येणाऱ्या कॉलची वाटणी ज्या संगणकावरून चालते त्याला संवाद सर्व्हर म्हणतात. लातूरसारख्या शहरात रुग्णालय, महाविद्यालय, सहकारी बँक किंवा साखर कारखान्याच्या कार्यालयात भिंतीवर टांगलेली ईपीएबीएक्सची पेटी जे काम करीत असे, तेच काम आता बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर करते. पेटी बिघडली तर मेकॅनिक ती दुरुस्त करी. सॉफ्टवेअर गेले तर मात्र आधी घेतलेल्या बॅकअपखेरीज हाती काही उरत नाही. हा बॅकअप नेमका कशाचा, कुठे आणि कशासाठी घ्यायचा, याविषयी जाणत्या व्यवस्थापकांतही काही समज पक्के बसलेले आहेत आणि ते बहुधा सर्व्हर बंद पडल्यावरच चुकीचे ठरतात.

सर्वांत खोलवर रुजलेला समज असा, की जपण्यासारखी गोष्ट म्हणजे माहिती, म्हणजेच ई-मेल, संपर्कयादी आणि ध्वनिमुद्रित निरोप. सेटिंग काय, पुन्हा करता येतात. प्रत्यक्षात सेटिंग हाच सर्व्हरचा मेंदू असतो. कोणते एक्स्टेन्शन कोणाच्या टेबलावर आहे, रात्री आठनंतरचा कॉल कोणाकडे वळवायचा, बाहेरच्या दूरध्वनी कंपनीशी जोडणाऱ्या वाहिनीचा पासवर्ड कोणता, कोणाला एसटीडीची मुभा आहे, हे सारे वर्षानुवर्षे थोडे थोडे बदलत साचलेले असते आणि त्याची कागदावर नोंद क्वचितच असते. शिवाय ही सेटिंग एकाच जागी नसतात. अ‍ॅस्टरिस्क या मुक्त दूरध्वनी सॉफ्टवेअरमध्ये ती मुख्यतः साध्या मजकुराच्या फायलींत असतात, पण त्यावरच उभारलेल्या फ्रीपीबीएक्समध्ये ती डेटाबेसमध्ये राहतात आणि फायली त्यातून तयार होतात, त्यामुळे केवळ फायली जपणाऱ्याच्या हाती मूळ नव्हे, तर उतारा लागतो. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या ई-मेल सर्व्हरची बरीचशी सेटिंग तर त्या सर्व्हरवर नसतातच. ती अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी या, संस्थेतील सर्व वापरकर्त्यांची नावे आणि अधिकार सांभाळणाऱ्या, वेगळ्या यंत्रणेत असतात. एक्स्चेंजचा चोख बॅकअप असूनही डिरेक्टरी गमावली, तर पत्रे आहेत पण ती कोणाची हे सांगणारे कोणी नाही, अशी अवस्था होते. प्रमाणपत्रांचेही तसेच. सर्व्हर खरा आहे हे फोनला पटवून देणाऱ्या गुप्त किल्ल्या बॅकअपमध्ये नसतील, तर सिस्को कंपनीच्या दूरध्वनी प्रणालीत नव्याने उभारलेला सर्व्हर टेबलावरच्या फोनना परका वाटतो आणि ते त्याच्याकडून सेटिंग घेण्यास नकार देतात. मग प्रत्येक फोनपाशी जाऊन जुनी ओळख पुसावी लागते.

याची मोठी किंमत मोजल्याचे उदाहरण महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही लागलेले आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम जगभर पसरला, तेव्हा मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक निकामी झाले आणि नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोस येथे सांगितले. तथापि खरा पेच संगणकांचा नव्हता. वापरकर्त्यांची नावे आणि अधिकार सांभाळणारे कंपनीचे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर एकमेकांची प्रत ठेवीत होते, म्हणून त्यांचा वेगळा बॅकअप ठेवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती, आणि ते सगळे एकाच वेळी पुसले गेले. घाना येथील एकच कंट्रोलर वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती. भारनियमनाला कंटाळलेल्या मराठवाड्यातील वाचकाला यात विनोद दिसेल. पण जगातील सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीची पुनर्उभारणी एका खंडित वीजपुरवठ्यावर अवलंबून राहिली, एवढे खरे.

याच घटनेत दुसऱ्या समजाचेही उत्तर आहे. दोन डिस्कवर एकच मजकूर उमटवणारी रेड नावाची रचना, किंवा एका सर्व्हरचे प्रत्येक पाऊल गिरवणारा दुसरा सर्व्हर, यांना अनेक जण बॅकअप समजतात. या व्यवस्था यंत्राच्या बिघाडापासून वाचवतात, चुकीपासून नव्हे. कारण मुख्य प्रतीत एखादी पत्रपेटी पुसली गेली, की ती आज्ञा दुसऱ्या प्रतीतही तितक्याच इमानाने पाळली जाते. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या जीमेल सेवेत एका सॉफ्टवेअर दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांची पत्रे अनेक प्रतींतून एकदमच नाहीशी झाली, आणि ती परत मिळाली ती जाळ्याबाहेर ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून.

चालू सर्व्हरचा फोल्डर रात्री दुसरीकडे उतरवला की काम झाले, हा समजही असाच फसवा. डेटाबेस लिहिला जात असताना त्याची साधी नक्कल घेतल्यास अर्धे जुने आणि अर्धे नवे असे विसंगत चित्र हाती येऊ शकते, म्हणून डेटाबेसच्या स्वतःच्या साधनानेच प्रत काढावी लागते. एक्स्चेंजमध्ये तर पूर्ण बॅकअप रीतसर झाला तरच जुन्या व्यवहारनोंदींच्या फायली आपोआप पुसल्या जातात. तसे न झाल्यास त्या वाढत जाऊन डिस्क भरते आणि टपाल थांबते.

प्रत कुठे ठेवावी हा प्रश्न लातूर जिल्ह्यात केवळ पुस्तकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर सुमारे ६.२ क्षमतेच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा हा भाग देशाच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या, विभागात मोडत होता; २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला. नकाशावरचा कमी धोका म्हणजे शून्य धोका नव्हे, हे इतक्या भयंकर रीतीने शिकलेल्या जिल्ह्यात सर्व्हर आणि त्याच्या बॅकअपची डिस्क एकाच खोलीत, बहुतेक वेळा एकाच कपाटात, ठेवणे अनाकलनीय आहे. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच कंपनीच्या माहिती केंद्राची एक इमारत जळाली, तेव्हा मूळ माहिती आणि बॅकअप एकाच आवारात ठेवलेल्या काही ग्राहकांचे दोन्ही गेले. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम याचसाठी आहे. लातूरच्या संस्थेसाठी दुसरे ठिकाण म्हणजे शेजारची इमारत नव्हे, तर नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे. आणि नांदेडची निवड केल्यास गोदावरीच्या पुराचा विचार करून तळमजला टाळलेला बरा. खंडणीखोर प्रोग्राम जाळ्यातून पोहोचेल तिथली प्रत पुसतात, म्हणून या दुसरीकडच्या प्रतीचा सर्व्हरशी कायमचा जोड नसावा.

ई-मेल भाड्याच्या क्लाउड सेवेवर नेल्यामुळे बॅकअपची जबाबदारी संपते, असे मानणाऱ्यांनी रॅकस्पेस या अमेरिकी कंपनीचे प्रकरण पाहावे. डिसेंबर २०२२ मध्ये खंडणीच्या हल्ल्यानंतर तिने एक्स्चेंजवर चालणारी आपली ई-मेल सेवा कायमची बंद केली आणि ग्राहकांना दुसरीकडे जावे लागले. साध्या चुकांतही मुदत आडवी येते. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड ई-मेलमध्ये कायमचे पुसलेले पत्र मूळ सेटिंगनुसार १४ दिवस आणि वाढवून ३० दिवसच परत मिळवता येते. गूगलच्या संस्थात्मक सेवेत कचरापेटीतून गेलेले पत्र प्रशासकाला २५ दिवसांच्या आत परत आणावे लागते. नोकरी सोडताना एखाद्याने पेटी रिकामी केली आणि लेखापरीक्षकाने ती पत्रे दोन महिन्यांनी मागितली, तर सेवा देणारी कंपनी हात वर करते आणि कराराप्रमाणे ते रास्तच असते.

उरतो तो सर्वांत महागात पडणारा समज: बॅकअप रोज होतो, कारण तो अयशस्वी झाल्याचा संदेश कधी आलेला नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेस पुसला, तेव्हा बॅकअप आणि प्रतिकृतींच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाने उपयोगी पडत नसल्याचे उघड झाले. रोजची प्रत काढणारे साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचे असल्याने प्रत निघतच नव्हती, आणि तसे कळवणारे ई-मेल प्रेषकाची सत्यता तपासणारा डीमार्क हा नियम न पाळल्यामुळे नाकारले जात होते. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत सापडली म्हणून नुकसान तेवढ्यावर थांबले.

आवृत्तीचा हाच प्रश्न फोन सर्व्हरलाही लागू पडतो. सिस्कोचा बॅकअप त्याच आवृत्तीच्या सर्व्हरवरच परत बसतो आणि तो सांकेतिक रूपात असल्याने यंत्रणेचा सुरक्षा पासवर्डही लागतो. हा पासवर्ड सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या डायरीत असेल, तर बॅकअप असून नसल्यासारखा. म्हणून सॉफ्टवेअरची मूळ प्रत, परवान्याची फाइल आणि पासवर्डचा बंद लिफाफा बॅकअपसोबतच, पण सर्व्हरपासून दूर ठेवावा. संस्थाचालकांनी संगणक विभागाकडे बॅकअप घेतला का, अशी विचारणा करण्याऐवजी दर तिमाहीत एका रिकाम्या यंत्रावर सर्व्हर उभा करून दाखवण्यास सांगावे, त्यावरून एक फोन लावून आणि एक पत्र पाठवून पाहावे, आणि याला किती तास लागले ते नोंदवहीत लिहून ठेवावे.