अडगळीचं मोल सांगणारं माणूस

बीजिंगमध्ये २००५ साली सोंग डोंग या कलावंतानं आईचा सगळा संसार गॅलरीत आणून मांडला. प्लास्टिकच्या बाटल्या, झिजलेल्या चपला, टूथपेस्टच्या रिकाम्या नळ्या, कापडाच्या घड्या अशा १०,००० हून अधिक वस्तू, आणि घराचा लाकडी सांगाडासुद्धा. 'वेस्ट नॉट' या नावानं हे काम पुढं जगभर फिरलं.

आई, झाओ शियांगयुआन, टंचाईत संसार केलेली. साबण रेशनवर मिळे. पुढं मुलांना कमी पडू नये म्हणून तिनं वड्या साठवल्या. मुलांच्या घरी वॉशिंग मशीन आलं, वड्या वाळून दगड झाल्या, पण टाकायच्या नव्हत्या. २००२ साली नवरा गेल्यावर हे साठवणं हाताबाहेर गेलं. मुलांनी घर आवरायला घेतलं की ती दुखावे. तेव्हा सोंगनं तिलाच या कामात घेतलं. तिनं वस्तू निवडल्या, लावल्या आणि बघायला येणाऱ्यांना त्यांच्या हकीकती सांगितल्या. वर निऑनच्या अक्षरांत गेलेल्या वडिलांना निरोप होता, की काळजी करू नका, आम्ही बरे आहोत.

२००९ साली ती वारली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात हे काम लागलं, तेव्हा मांडणी घरच्यांनी केली. वस्तू त्याच होत्या. पण मला या कामाचा जीव त्या ढिगापेक्षा सांगणाऱ्या बाईत दिसतो. चांगल्या कलावंतानं इथं सजवायचं काहीच नसतं. सांगणाऱ्याला जागा करून द्यायची असते.

सांगणारं माणूसच उरलं नसेल तर? जपानी छायाचित्रकार इशिउची मियाको हिची आई २००० साली गेली. मायलेकींचं फारसं जमलेलं नव्हतं. इशिउचीनं आईची वापरलेली लिपस्टिक, कवळी, अंतर्वस्त्रं यांची छायाचित्रं काढली. उजेडासमोर धरलेल्या त्या झिरझिरीत कपड्यांत अंगाचा आकार जाणवतो. २००५ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात ही छायाचित्रं जपानच्या दालनात होती. पुढं हिरोशिमात बाँबनं गेलेल्या माणसांचे कपडे तिनं याच मायेनं टिपले.

लंडनच्या मायकेल लँडी या कलावंतानं २००१ मध्ये आपल्या मालकीच्या ७,२२७ वस्तूंची यादी केली आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या दुकानात दोन आठवड्यांत सगळ्यांचा चुरा केला. वडिलांचा मेंढीच्या कातड्याचा कोट मात्र अगदी शेवटी गेला. त्या उशिरातच मला सगळं कळतं.

कादंबरीकार ओऱ्हान पामुकनं तर कधीच न जगलेल्या माणसांच्या वस्तू जमवल्या. इस्तंबूलमध्ये २०१२ साली उघडलेल्या त्याच्या संग्रहालयात त्याच्या कादंबरीतल्या नायिकेनं ओढलेल्या सिगारेटींची ४,२१३ थोटकं आहेत. सांगणारी कादंबरी पाठीशी आहे म्हणून ती खरी वाटतात.

आपल्याकडं लेखिका आंचल मल्होत्रानं फाळणीत घरं सोडून आलेल्या माणसांना शोधून, त्यांनी सोबत आणलेल्या चीजवस्तूंबद्दल त्यांनाच बोलतं केलं. सुरुवात झाली ती आजोळी जपलेल्या, लाहोरहून आलेल्या एका घड्यापासून आणि कापड मोजायच्या गजापासून. २०१७ साली त्याचं पुस्तक झालं. हे काम योग्य वेळी झालं, कारण ती पिढी आता विरळ होत चालली आहे.

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय या रांगेत मी मुद्दाम बसवतो. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव त्याला दिलं. दिवे, अडकित्ते, फण्या, वज्री, कुंकवाचे करंडे अशा २०,००० हून अधिक वस्तू बापाच्या दुःखाच्या नावाखाली एकत्र नांदताहेत. त्या करंड्यातून रोज कुंकू लावणाऱ्या बायकांची नावं मात्र बहुतेक हरवली आहेत. आजच्या कुणा चित्रकार मुलीनं आपल्या आजीला शेजारी बसवून तिच्या करंड्याची हकीकत लिहून घेतली, तर ते काम मला बघायला आवडेल.