हजीऱ्याचा धागा आणि दख्खनची लोकर

तापी समुद्राला मिळते त्या हजीऱ्यात धागा तयार होतो, पण त्याला ना शेत लागते ना मेंढी. रिलायन्सच्या तिथल्या प्रकल्पात खनिज तेलापासून आलेल्या रसायनांचे पॉलिएस्टर होते. सुरतेच्या मागांवर त्याच पॉलिएस्टरच्या साड्या होतात, आणि ही गोष्ट सुरतेत कोणी लपवतही नाही. लोकरीचे मात्र तसे नाही. दुकानात जाऊन ‘लोकर द्या’ म्हटले की हातात पडणारा गुलाबी-पिवळा गुंडा बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचा असतो. तोही खनिज तेलापासूनच बनलेला. बाळंतविड्यातली टोपडी आणि पायमोजे वर्षानुवर्षे त्याच धाग्याचे विणले जातात.

शंका असेल तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावा. अ‍ॅक्रिलिक भराभर पेटते, वितळते आणि टोकाशी कडक काळा मणी उरतो. मेंढीची लोकर सावकाश जळते, ज्योत दूर केली की विझते, केस जळाल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरडली जाते.

ही खरी लोकर फार लांबची नाही. तापीला येऊन मिळणाऱ्या पांझरेच्या काठी, धुळे जिल्ह्यात ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन फिरतात. आणखी दक्षिणेला अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर हा धनगरांचा आणि दख्खनी मेंढीचा मुलूख. ही मेंढी काटक, बहुतेक काळी, दुष्काळाला आणि शेकडो किलोमीटरच्या पायपिटीला सरावलेली. साताऱ्या-पुण्याकडचे धनगरांचे वाडे, म्हणजे फिरते तळ, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. वाटेत शेतात मेंढ्या बसवायच्या आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, हा जुना व्यवहार अजून टिकून आहे. लोकरीचा व्यवहार मात्र मोडला.

एका मेंढीची लोकर वर्षाकाठी साधारण अर्धा-पाऊण किलो निघते. ती कातरण्याची मजुरीसुद्धा आज अनेक ठिकाणी विक्रीतून सुटत नाही. उन्हाने मेंढी हैराण होऊ नये म्हणून कातरणी करावीच लागते. मग लोकर बांधावर टाकली जाते किंवा जाळली जाते. एके काळी सनगर आणि खुटेकर धनगर तिची घोंगडी विणत. बायका चरख्यावर सूत काढत, ताण्याला चिंचोक्याची खळ लावली जाई. स्वस्त कृत्रिम ब्लँकेटे आली आणि घोंगडीचे गिऱ्हाईक घटले. मग कळपात मांसासाठी वजनदार जातींचा संकर होऊ लागला आणि अंगावरची लोकरही कमी होत गेली. देशातल्या लोकरीपैकी सुमारे ८५ टक्के गालिच्यांच्या प्रतीची आणि जेमतेम ५ टक्के कपड्यांच्या प्रतीची आहे, असे वस्त्रोद्योग मंत्रालयाचे आकडे सांगतात. कपड्यांची मऊ लोकर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून येते आणि इथली उकिरड्यावर जाते. हे दुःख तर आहेच, शिवाय निव्वळ नासाडी आहे.

दख्खनी लोकर टोचते, ही तक्रार खरी आहे. मऊ लोकरीच्या मरिनो मेंढीच्या मानाने तिचा तंतू जवळपास दुप्पट जाड असतो. पण सगळी लोकर एकसारखी नसते. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. जावळाची घोंगडी सर्वांत मऊ आणि सर्वांत महाग, हे घोंगडी घेणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सुयांवर विणणाऱ्यांनीही जावळच मागावे. बाकीची जाड लोकर आसने, उशांचे अभ्रे, पिशव्या, घरात घालायच्या सपाता यांसाठी फार चांगली. हजीऱ्याच्या दमट हवेत जाड स्वेटर हवाय कोणाला? आसन मात्र बारमाही लागते, आणि लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही.

रंगवण्याचे काम घरच्या पातेल्यात होते, फक्त ते पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. लडी आधी रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून तेलकटपणा काढायचा. चोळायची नाही: लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाण्यात घासले की ते एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा होतो. मग १०० ग्रॅम कोरड्या लोकरीला १० ते १५ ग्रॅम तुरटी घेऊन मंद आचेवर तासभर ठेवायचे. कांद्याच्या सालींनी सोनेरी-नारिंगी छटा येते, डाळिंबाच्या सालींनी पिवळी, मंजिष्ठेने विटकरी लाल. मंजिष्ठेला उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर लाल रंग तपकिरीकडे झुकतो. हळदीचा रंग देखणा, पण उन्हात टिकत नाही. काळ्या लोकरीवर यांतले काहीच दिसणार नाही. ती आहे तशीच सुंदर आहे. करड्या लोकरीवर मात्र हे रंग खोल उतरतात. जाड केसांवर रंग कमी चढतो, त्यामुळे एकाच धाग्यात दोन-तीन छटा खेळतात, आणि कारखान्यातल्या गुंड्यात हे दिसत नाही.

वनस्पतीचा रंग म्हणजे आपोआप निर्मळ, असे मात्र समजू नये. रंग पक्का करायला काही जण मोरचूद वापरतात, आणि त्यातले तांबे पाण्यातल्या जीवांना विषारी असते. पांडेसरा-सचिनच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसेसच्या सांडपाण्याची चर्चा सुरतकरांना नवी नाही. विषारी पाणी बाहेर सोडायचे नाही, हा नियम घरच्या पातेल्यालाही लावायला हवा.

देशी लोकर खाडीपलीकडेही आहे. हजीऱ्याहून नोव्हेंबर २०२० पासून घोघ्याला फेरीबोट जाते. तिथून पुढे सौराष्ट्र आणि कच्छ, म्हणजे पाटणवाडी मेंढीचा प्रदेश. रबारींनी लोकर द्यायची आणि वणकरांनी ती विणायची, ही कच्छची जुनी साखळी होती. भुजोडीच्या मागांवर अ‍ॅक्रिलिक आणि मरिनो आले तशी ती सैल पडली. २००१च्या भूकंपानंतर भुजजवळ कुकमा इथे उभ्या राहिलेल्या ‘खमीर’ या संस्थेने कच्छच्या देशी लोकरीवर पुन्हा काम सुरू केले. देशी लोकरीला गिऱ्हाईक कसे मिळते, ते परदेशातही दिसते. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर २०१०पासून दरवर्षी लोकर सप्ताह भरतो. तिथल्या मेंढीच्या काळ्या, करड्या, बदामी लोकरीचे विणकाम पाहायला आणि शिकायला परदेशांतून लोक येतात. दख्खनी लोकरीला असे गिऱ्हाईक मिळू नये, असे तिच्यात काहीही कमी नाही.

गिऱ्हाईक तयार होईल ते विणणाऱ्यांच्या मागणीतूनच. सुरत-नवसारीत स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांचे गावी येणे-जाणे असतेच. तिथे कातरणीच्या दिवसांत मेंढपाळाकडून दोन किलो लोकर, घासाघीस न करता, मजुरी सुटेल अशा भावाने घ्यावी. सूत काढणारी बाई गावात असेल तर तिच्याकडूनच काढून घ्यावे. आसनाला लागणारे सगळे सूत एकाच पातेल्यात रंगवावे, कारण दुसऱ्या खेपेला तीच छटा येत नाही. आणि विणून झालेली वस्तू पावसाळ्यापूर्वी कडक उन्हात घालून कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यात ठेवावी, म्हणजे कसर सहसा लागत नाही.