परत आलेला नायक

‘नायक’ म्हटलं की जिंकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत जॅक केरुआकच्या ‘ऑन द रोड’ (१९५७) मधली पोरं मात्र घरदार सोडून नुसतीच रस्त्याला लागली. आपल्याकडे भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला गेला आणि हात हलवत गावी परतला. त्यांचं बंड निघून जाण्यात. याची खरी परीक्षा परत येऊन वडिलांसमोर उभं राहण्यात.

ऊर्जानगरातूनही मुलं नागपूर-पुण्याला जातात, काही परत येतात. आपण लगेच विचारतो, ‘काय मिळवलंस?’ ‘कोसला’ तसं विचारत नाही. पांडुरंगला त्याच्याच बोलीत शेवटपर्यंत बोलू देते. घरी आलेल्या पोराचं आपण निदान तेवढं तरी ऐकून घ्यावं.