जर्नल उतरवणं म्हणजे लिहिणं नव्हे

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलात काय चालतं, हे इंजिनिअरिंग केलेल्याला सांगायला नको. मधे सिनिअरचं जुनं जर्नल, भोवती पाच जण उतरवून काढताहेत. उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. चार वर्षं हे केलं की लेखनाबद्दलचे काही गैरसमज अंगी मुरतात.

‘आपलं काम आकड्यांचं, लिहिणं आर्ट्‌सवाल्यांचं.’ पण हे पाहा: जानेवारी 2003 मध्ये उड्डाणाच्या वेळी कोलंबिया यानाच्या डाव्या पंखावर फोमचा तुकडा आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज स्लाइडवर मांडला. मथळा दिलासा देणारा. नुकसानीचा हिशेब ज्या चाचणीवर बेतला होता, तिच्यातल्या तुकड्याच्या 640 पट आदळलेल्या तुकड्याचा अंदाजित आकार होता, म्हणजे त्या चाचणीवर विसंबण्यात अर्थ नव्हता. पण स्लाइडवर हे कसं आलं? अगदी तळाला, बारीक अक्षरात: 1920 घनइंच, 3 घनइंच. भागाकार वाचणाऱ्यानं करायचा! 1 फेब्रुवारीला परतताना यान फुटलं. कल्पना चावलासह सातही जण गेले. यान स्लाइडमुळे फुटलं नाही, हे खरंच. तरी चौकशी मंडळानं अहवालात त्या स्लाइडची वेगळी दखल घेतली.

‘रिपोर्ट जाडजूड हवा आणि त्यात “आम्ही” नको.’ प्रोजेक्ट रिपोर्टचं ‘ब्लॅक बुक’ हातात तोलून मार्क देणारे परीक्षक असतीलही. पण डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा लेख 25 एप्रिल 1953 च्या ‘नेचर’मध्ये आला, तो पानभरापेक्षा थोडाच मोठा होता. आकृती एक. आणि सुरुवातच ‘आम्ही’नं.

‘इंग्रजी कच्चं, म्हणून लिहिता येत नाही.’ मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हा गैरसमज सर्वांत जास्त छळतो. ‘तापमान समाधानकारक आढळून आले’ हे वाक्य शुद्ध मराठीत आहे आणि काहीच सांगत नाही. ‘20 मिनिटांत पाणी 28 वरून 61 अंशांवर गेलं’ हे मोडक्यातोडक्या इंग्रजीतही समजतं. व्याकरण कुणीही तपासून देईल. काय सांगायचंय, ते मात्र ज्यानं प्रयोग केला त्यालाच ठाऊक.

या सेमिस्टरला एकच करून पाहा. एका प्रयोगाचा निष्कर्ष जर्नल मिटून, स्वतःच्या शब्दांत लिहा आणि कॉमर्सच्या मित्राला मोठ्यानं वाचायला लावा. तो अडखळेल तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि तेवढंच पुन्हा लिहा.