यकृताच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, आता पुढे काय? औषध की फक्त तपासणी?

गाठ काढली, शस्त्रक्रिया यशस्वी झाली. त्यानंतर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कॅन्सर परत येऊ नये म्हणून कोणतं औषध द्यायचं?’ यकृताच्या कॅन्सरच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमात, शस्त्रक्रियेनंतर ५ वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये आजार परततो. त्यामुळे ही काळजी साहजिकच आहे.

आजार का परततो?
काही पेशी नजरेतून सुटून मागे राहिलेल्या असतात. शिवाय हिपॅटायटिस, दारू किंवा फॅटी लिव्हरमुळे उरलेलं यकृतही आजारी असतं. तिथे नवी गाठ तयार होऊ शकते.

गोळीचा उपयोग होतो का?
सोराफेनिब ही गोळी बळावलेल्या कॅन्सरमध्ये आयुष्य वाढवते. शस्त्रक्रिया किंवा अब्लेशननंतर ती देऊन १,११४ रुग्णांवर चाचणी झाली. २०१५ मध्ये निकाल आला. आजार परतेपर्यंतचा मध्यमान काळ गोळी घेणाऱ्यांत ३३.३ महिने होता, तर न घेणाऱ्यांत ३३.७. म्हणजे फायदा शून्य.

इम्युनोथेरपीचं काय?
२०२३ मध्ये आशा वाढली. आजार परतण्याचा धोका जास्त असलेल्या ६६८ रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या जोडीने सुरुवातीला हा धोका २८ टक्क्यांनी कमी केला. पण २०२४ मध्ये आलेल्या पुढच्या आकडेवारीत तो फायदा टिकला नाही. गंभीर दुष्परिणाम मात्र औषध घेणाऱ्यांत ४१ टक्के आणि फक्त तपासणीवर असलेल्यांत १३ टक्के होते.

थेट यकृतात केमो?
गाठीच्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरलेल्या ३१५ रुग्णांवर चीनमध्ये हा प्रयोग झाला. यकृताच्या धमनीतून केमो दिल्यावर आजारमुक्त काळ १० वरून २०.३ महिन्यांवर गेला. पण एकूण आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही.

मग करायचं काय?
- हिपॅटायटिस बी असेल तर विषाणूविरोधी गोळ्या नियमित घ्या. त्या यकृत जपतात आणि आजार परतण्याचा धोकाही कमी करतात.
- पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय आणि एएफपी रक्ततपासणी चुकवू नका. गाठ लहान असतानाच सापडली, तर पुन्हा शस्त्रक्रिया, अब्लेशन किंवा प्रत्यारोपणाचा पर्याय उरतो.
- दारू पूर्ण बंद.

महागडं इंजेक्शन सुचवलं गेलं, तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: माझ्या बायोप्सी रिपोर्टनुसार धोका किती आहे? आणि या औषधाने आयुष्य वाढतं, की फक्त आजार थोडा उशिरा परततो? ‘सध्या फक्त तपासणी’ असं डॉक्टर म्हणाले, तर उपचार सोडून दिले असा त्याचा अर्थ होत नाही.