अम्मी, तू पण खेळतेस?

इशाची नमाज झाली, भांडी आवरली, शिलाई मशीनवर कव्हर टाकले, की मी अर्धा तास मासे पकडते. मीना नदीवर नव्हे, मोबाइलवर. आमचे हे टोमॅटोचा टेम्पो घेऊन वाशी मार्केटच्या वाटेला लागलेले असतात, धाकटी झोपलेली असते आणि माझ्या हातातल्या पडद्यावर एक छोटी बाई नदीकाठी जाळे टाकून उभी असते.

वारूळवाडीत राहणारी, चाळिशीची, ब्लाऊज-ड्रेस शिवणारी बाई ऑनलाइन गेम खेळते, हे कळल्यावर नणंदबाईंनी कपाळाला हात लावला होता. म्हणून आधीच सांगते, मी काही पट्टीची खेळाडू नाही. सवड मिळाली तर खेळते, नाही मिळाली तर आठवडाभर उघडतही नाही. पण या खेळांनी आमच्या घरात एकदा मोठे वादळ आणले होते. त्यातून जे उमगले ते मुलांच्या आई-वडिलांना सांगावेसे वाटले.

सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली. 2020 मध्ये शाळा मोबाइलवर आली आणि मोबाइल मुलांच्या हातात गेला. त्याच वर्षी 2 सप्टेंबरला केंद्र सरकारने पबजीसह 118 अॅपवर बंदी घातली, तेव्हा आपल्या मुलांचा नाद सुटला असे बऱ्याच घरांना वाटले. नाद सुटला नाही, त्याने खेळ बदलला. आमच्या भागाची आणखी एक अडचण आहे. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या आहे. मगरिबनंतर आम्ही पोरांना बाहेर सोडत नाही. आमच्या लहानपणी अंधार पडेपर्यंत लपाछपी चालायची, ती आता घराच्या चार भिंतींत कशी चालणार? मोबाइलला दोष देताना ही गोष्टही लक्षात ठेवायला हवी.

हा खेळ असतो तरी काय?

ज्या खेळांविषयी मी बोलते आहे, त्यांत आपण एक पात्र घेतो. त्याला नाव देतो, कपडे चढवतो आणि एका मोठ्या काल्पनिक मुलखात सोडतो. तिथे त्याच वेळी देशोदेशीचे हजारो लोक आपापली पात्रे घेऊन फिरत असतात. कोणी लढतो, कोणी लाकूड तोडतो, कोणी दुकान मांडतो. आपण मोबाइल बंद केला तरी तो मुलूख चालूच राहतो. नेहमीच्या गेमपेक्षा हा मोठा फरक आहे.

ही कल्पना आजची नाही. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी 1978 च्या सुमारास असा पहिला खेळ केला. त्यात चित्र नव्हते, नुसती अक्षरे होती. 1997 मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला, 2001 मध्ये ‘रूनस्केप’ आणि 2004 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. याच बार्टल यांनी पुढे खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: मिळवणारे, हिंडून शोधणारे, माणसे जोडणारे आणि दुसऱ्याला हरवण्यात आनंद मानणारे. मी दुसऱ्या प्रकारातली. माझा मुलगा तिसऱ्या प्रकारातला आहे, हे मला फार उशिरा कळले.

मी खेळते तो रूनस्केपचा जुना अवतार. साध्या फोनवर चालतो, फुकटही खेळता येतो. मी कोळंबी पकडते, चुलीवर भाजते. पहिल्यांदा निम्मी करपली, तेव्हा मला हसू आले. इथेही स्वयंपाकच! पण इथे मीठ कमी पडले म्हणून कोणी बोलत नाही. त्या मुलखात एक मोठा बाजार आहे. माल जास्त आला की भाव पडतो, कमी आला की चढतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराशेजारी राहणाऱ्या बाईला हे शिकवावे लागत नाही. 2023 च्या जुलैत क्रेटने दोन हजारांचा टप्पा ओलांडलेला आम्ही पाहिला आहे आणि टोमॅटो रस्त्यावर ओतलेलेही पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट तिथे पाहिली. बाजाराच्या चौकात कोणी तरी उभा राहून सांगतो, तुमची नाणी द्या, दुप्पट करून देतो. दिली की तो गायब. खोट्या नाण्यांवर हा धडा मिळाला, तर खऱ्या पैशांची फसवी स्कीम ओळखायला सोपी जाते. तेव्हा या खेळांतून काहीच शिकायला मिळत नाही असे मी म्हणणार नाही.

उठू न देणारी खुर्ची

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्या खेळात कोणतेही कौशल्य 99 व्या पायरीपर्यंत नेता येते. त्यासाठी 1 कोटी 30 लाख 34 हजार 431 गुण लागतात. आता 92 व्या पायरीवर पोहोचलेल्या माणसाला वाटते, संपत आले. प्रत्यक्षात त्याचे 65 लाख 17 हजार 253 गुण झालेले असतात, म्हणजे जेमतेम निम्मे. पायऱ्या सुरुवातीला भरभर चढतात, पुढे प्रत्येक पायरी लांबत जाते. माणूस मात्र पहिल्या वेगाच्या आशेवर बसून राहतो. एकदा मीही अशी बसले होते. गॅसवरची डाळ करपली आणि वास शेजारच्या भाभींना आधी आला.

तरी एकट्याने मासे पकडण्याचा खेळ केव्हाही ठेवता येतो. संघाने खेळायच्या खेळात तसे नसते. आठ जण मिळून किल्ल्यावर चालून गेले आहेत आणि आपण मध्येच उठलो, तर बाकीचे सात हरतात. आपण बाहेरून ओरडतो, “ठेव तो मोबाइल!” आणि मुलगा चिडतो. तो उद्धट झाला असे आपल्याला वाटते. त्याच्या मनात मात्र सात जणांना दिलेला शब्द असतो.

आमच्याकडे हेच झाले. मुलगा दहावीत होता. ह्यांच्या खात्यातून दोन महिन्यांत 2,950 रुपये गेलेले आढळले. कधी 49, कधी 99, असे थोडे थोडे. एका खेळातल्या ‘नशिबाच्या पेटी’साठी. ह्यांनी हात उगारला, मोबाइल काढून घेतला. चार दिवस पोरगा कोणाशी बोलला नाही. जेवायला बसायचा, मान खाली घालून उठायचा. पाचव्या दिवशी मी त्याच्याजवळ बसले आणि म्हणाले, “मला दाखव, तू तिथे काय करतोस.” तो बघतच राहिला. मग मी माझे मासे दाखवले. “अम्मी, तू पण खेळतेस?” चार दिवसांनंतरचे त्याचे हे पहिले वाक्य.

त्याने दाखवले. आठ जणांचा संघ, आणि आमचा मुलगा त्याचा म्होरक्या. शाळेत मागच्या बाकावर बसणारा, इंग्रजीच्या तासाला घाबरणारा मुलगा तिथे सात जणांना सूचना देत होता आणि ते ऐकत होते. रात्री साडेदहाला ते त्याची वाट पाहायचे. मी मनाशी विचारले, या घरात त्याची अशी वाट शेवटची कोणी पाहिली होती? मला उत्तर सापडले नाही.

पुढे मॅट्स स्टीन या नॉर्वेच्या तरुणाविषयी वाचले. स्नायू झिजत जाणाऱ्या आजाराने तो चाकाच्या खुर्चीत खिळला होता. 2014 मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. आपला मुलगा एकटाच राहिला, मित्रांविना गेला, असे आई-वडिलांना वाटत होते. त्यांनी मृत्यूची बातमी त्याच्या ब्लॉगवर टाकली आणि युरोपभरातून पत्रे येऊ लागली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये ‘इबेलिन’ या नावाने त्याने कितीतरी जणांना आधार दिला होता. काही जण दफनविधीलाही आले. 2024 मध्ये त्याच्यावर माहितीपट निघाला. ते वाचून मी रडले. आपला मुलगा कोणाशी बोलतो, हे आई-वडिलांनी तो असतानाच विचारायला हवे.

पेटीतला जुगार

मात्र पेटीच्या बाबतीत मी मुलाला सूट दिली नाही. पैसे आधी द्यायचे, आत काय निघेल ते नशिबावर. कुरआनात सूरह माइदाच्या 90 व्या आयतीत दारूबरोबर जुगारही वर्ज्य सांगितला आहे. पत्त्यांचा डाव आपण ओळखतो, पण रंगीत पेटी ओळखत नाही. बेल्जियमने 2018 मध्ये विकत घ्यायच्या अशा पेट्या जुगारात धरल्या. आपल्याकडे 2025 च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पेटीत तर पैसेही निघत नाहीत, निघते ती एक चित्रातली तलवार. तिथे पहारा घरच्यांनीच द्यायचा.

मुलाला मी हिशेब करायला बसवले. तलवार निघण्याची शक्यता शंभरात एक. “मग शंभर पेट्या उघडल्या की मिळणारच ना?” तो म्हणाला. दहावीच्या गणितात संभाव्यतेचा धडा आहेच. कॅल्क्युलेटर घेऊन त्यानेच उत्तर काढले. शंभर पेट्या उघडणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे 37 जणांना शंभर वेळा पैसे भरूनही ती तलवार मिळत नाही. तो बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिला. माझ्या रागावण्यापेक्षा त्या 37 ने जास्त काम केले.

2,950 रुपये त्याने फेडले. सुट्टीत ह्यांच्याबरोबर मार्केटला जाऊन क्रेट उतरवले. पैसे परत आले, आणि बापलेक टेम्पोत शेजारी शेजारी बसून बोलू लागले हे त्याहून मोठे.

आमच्या घरची रीत

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतले आहे. ती यादी 2022 पासून लागू झाली. त्यात तासांचा आकडा दिलेला नाही. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळे मागे पडते, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालते, अशी लक्षणे दिली आहेत. तसे दिसले तर डॉक्टरांकडे जावे, लाजू नये. आमच्या मुलाची वेळ तिथवर आली नव्हती. आम्ही घरात चार गोष्टी ठरवल्या.

मोबाइल बैठकीच्या खोलीतच वापरायचा, अंथरुणात नाही. खेळायला बसण्यापूर्वी फेरी किती मिनिटांची ते सांगायचे. फेरी चालू असताना आम्ही ओरडणार नाही आणि ती संपल्यावर तो दुसरी सुरू करणार नाही. अजान व्हायच्या बेतात असेल तर फेरी सुरूच करायची नाही. खेळात एक रुपयाही घालायचा नाही, आणि यूपीआयचा पिन मुलांना सांगायचा नाही. शेवटची गोष्ट आम्हा मोठ्यांसाठी. रात्रीचे जेवण चौघांनी एकत्र, मोबाइलशिवाय. हे टेम्पोवर असतील त्या दिवशी तिघांनी.

सगळे सुरळीत चालते असे नाही. कधी तो विसरतो, कधी मी. गेल्या आठवड्यात मगरिबच्या आधी मी जाळे टाकून बसले होते, दहाच गुण कमी होते. मागून आवाज आला, “अम्मी, अजान होत आली.” मी म्हणाले, “एवढे एक...” तो काही बोलला नाही. नुसता हात पुढे केला, मी त्याच्यापुढे करते तसाच. मी मोबाइल त्याच्या हातात ठेवला आणि वुजूला उठले.