अठराव्या वर्षी चार्ज कसा द्यायचा?

आज बारावीनंतर घर सोडणाऱ्या मुलांबद्दल बोलू. खरं म्हणजे त्यांच्या आईवडिलांबद्दल.

आमचं अहिवारा भिलाईजवळ. शेजारी नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी, तिथला दगड भिलाईच्या पोलाद कारखान्याला जातो. बारावी झाली की इथल्या घराघरात एकच चर्चा: मुलाला भिलाई-रायपूरलाच ठेवायचं की नागपूर-पुण्याला धाडायचं? माझा मुलगा दुर्गहून आझाद हिंद एक्सप्रेसनं पुण्याला गेला. प्रवेशाचे फॉर्म मी भरले, बॅगही मीच भरली, त्याच्या बँकेचा पासवर्ड माझ्याकडे. दर रविवारी फोनवर हजेरी: मार्क किती, खर्च किती.

दुसऱ्या वर्षी कळलं, त्याला दोन विषयांत एटीकेटी लागली होती. (आमच्याकडे त्याला ‘बॅक’ म्हणतात.) पाच महिने तो गप्प होता. आईला माहीत, धाकट्या बहिणीला माहीत. घरात फक्त मला नव्हतं. राग आला, पण लाज त्याहून जास्त वाटली. एनडीएत साडेसोळा वर्षांपासूनची मुलं घेतात. तिथे नापास झालेला कॅडेट एक सत्र, म्हणजे सहा महिने मागे जातो, त्याला रेलिगेशन म्हणतात. असे मागे राहिलेले पुढे उत्तम अधिकारी झालेले मी पाहिलेत. आणि माझ्याच घरात नापास झाल्याचं सांगायची चोरी!

फौजेत बदली झाली की चार्ज देतात. स्टोअर मोजायचं, लेजर ताडायचं, जे कमी असेल ते लिहून ठेवायचं, दोघांनी सही करायची. याला काही दिवस लागतात. पण सही झाल्यावर जुना अधिकारी खुर्ची सोडतो.

घरी हा चार्ज सतराव्या वर्षीच सुरू करावा, कारण अठरा पूर्ण झाले की कायदा थांबत नाही. मूल सज्ञान होतं. पालक म्हणून आपण चालवत असलेल्या त्याच्या बँक खात्यावरचा आपला अधिकार संपतो. त्याची नवी सही, नवं केवायसी लागतं. शैक्षणिक कर्जात कर्जदार तो असतो, आपण सहकर्जदार. हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतात, व्याज मात्र आधीपासून चढत असतं. सही करण्याआधी हा हिशेब त्याला कागदावर मांडायला लावा. रॅगिंगविरोधी हमीपत्राचंही तसंच. यूजीसीच्या 2009 च्या नियमांनुसार विद्यार्थ्याचं वेगळं आणि पालकांचं वेगळं असतं. बहुतेक बाप दोन्ही स्वतःच भरून टाकतात. मीही भरली होती.

एटीकेटीनंतर मी एक केलं. सत्राचा सगळा खर्च एकरकमी त्याच्या खात्यात टाकला आणि पासवर्ड बदलायला लावला. मेस, खोलीचं भाडं, पुस्तकं, परीक्षेची फी त्यानंच बघायचं. पहिल्याच सत्रात पैसे लवकर संपले. मी उसने दिले आणि पुढच्या सत्रातून कापून घेतले. बायको म्हणाली, “पोटच्या पोराशी असा व्यवहार?” असू दे. त्यानंतर त्यानं पुन्हा उसने मागितले नाहीत.

पण सगळंच सोपवायचं नसतं. माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेतही न कमावणारा, अविवाहित मुलगा 25 वर्षांपर्यंत अवलंबित धरतात. मूल जेवत नाही, झोपत नाही, फोन उचलत नाही, मित्रांनाही टाळतंय असं कळलं, तर त्याला स्वातंत्र्य समजू नका. मिळेल ती गाडी पकडा. रॅगिंगसाठी 1800-180-5522 आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416, हे दोन नंबर त्याच्या फोनमध्ये आहेत ना, ते जाण्याआधी बघा. आणि घरी एकदा स्पष्ट सांगा: काहीही बिघडलं तर आधी घरी ये, हिशेब नंतर.

रविवारची हजेरी मी बंद केली. सुरुवातीचे तीन आठवडे त्याचा फोनच आला नाही. ते मला सीमेवरच्या ड्यूटीपेक्षा जड गेले. मग एका बुधवारी आला, कुकरची शिट्टी होत नाही म्हणून. दोन्ही विषय पुढच्या परीक्षेत सुटले. ते त्यानं पहिल्यांदा मला सांगितलं. त्याची आई त्यावरून अजून रुसलेली आहे.